ग्रंथिरसांच्या दोन वाटा

आमच्या घरीं सकाळचा चहा होण्यापूर्वीं दोन औषधें घेतलीं जातात. आमचें कुटुंब अनशापोटीं थायरॉईडची एक बारीकशी गोळी पाण्याबरोबर गिळतें आणि कामाला लागतें. आम्ही न्याहारीपूर्वीं पोटाच्या कातडीखालीं इन्सुलीनची सुई टोंचून घेतों. हा क्रम कित्येक वर्षें निर्वेध चालू आहे, व त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. गेल्या दिवाळींत मात्र आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, आजीला गोळी आणि तुम्हांला सुई, असें कां?" इन्सुलीन पोटांत गेलें तर पचून जातें, हें डॉक्टरांकडून ऐकलेलें उत्तर आम्हीं दिलें. "मग आजीचें औषध कां नाहीं पचत?" या दुसऱ्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें सवडीनें पुस्तकें चाळलीं तेव्हां दिसून आलें कीं, नातीच्या या प्रश्नानें मोठमोठ्या शास्त्रज्ञांना तीस वर्षें फसविलें होतें, आणि त्याच्या पोटांत जो दुसरा प्रश्न दडलेला आहे त्याचा उलगडा होण्यास आणखी साठ-पासष्ट वर्षें लागलीं. तो वृत्तांत मनोरंजक आहे. शिवाय आमच्या दोघांचें आयुष्यच त्यावर उभें असल्यामुळें आम्हांस तो केवळ मनोरंजक वाटत नाहीं.

शरीरांतील कांहीं ग्रंथि आपला रस नळीवाटे ठराविक ठिकाणीं नेऊन सोडतात. लाळेच्या, घामाच्या ग्रंथि या जातीच्या. दुसऱ्या कांहींना नळी नाहींच. गळ्यापुढील थायरॉईड, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन टोप्या, मेंदूच्या तळाशीं असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी, या आपला रस थेट रक्तांत मिसळतात. आणि एक अवयव असा आहे कीं, तो दोन्ही कामें करतो: स्वादुपिंड. त्याचा पाचक रस नळीनें आंतड्यांत उतरतो, आणि त्याच्याच अंगांत विखुरलेलीं पेशींचीं बेटें रक्तांत इन्सुलीन सोडतात. हीं बेटें पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्यानें १८६९ सालीं बर्लिन येथें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं. तीं कशासाठीं आहेत हें त्याला सांगतां आलें नाहीं. एकाच घरांत पाचक रस आणि इन्सुलीन यांचें बिऱ्हाड असावें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व घोटाळा तिनेंच केला आहे.

रक्तावाटे एक अवयव दुसऱ्या अवयवास कांहीं सांगूं शकतो, याचा पहिला पुरावा कोंबड्यांनीं दिला. १८४९ सालीं गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड या प्राध्यापकानें सहा तरुण कोंबडे घेतले. ज्यांचे दोन्ही वृषण काढून टाकले ते आळसावले, त्यांचे तुरे वाढले नाहींत, आरवणें आणि भांडणें थांबलें. परंतु ज्यांच्या पोटांत वृषण आंतड्यांमध्यें नुसता मोकळा ठेवून दिला, ते पूर्ववत् मर्द कोंबडे राहिले. त्यांस चिरून पाहतां त्या वृषणांना नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या. मज्जातंतु मात्र जोडले गेले नव्हते. म्हणजे जो परिणाम झाला तो रक्तामार्फत, हें उघड होतें. बर्टहोल्डनें चार पानांचा निबंध लिहिला आणि विषय सोडून दिला. त्या काळीं शरीरांतील सर्व राज्य मज्जातंतूंचें, अशी विद्वानांची खात्री होती; चार पानांनीं ती हलणार कशी?

यानंतर चाळीस वर्षांनीं, १८८९ सालीं, दोन गोष्टी घडल्या. पहिली पॅरिसमध्यें. शार्ल ब्राऊन-सेकार हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ ७२ वर्षांचा झाला होता. कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क पाण्यांत काढून त्यानें स्वतःस टोंचून घेतला, आणि १ जून रोजीं तेथील जीवशास्त्र-मंडळापुढें सांगितलें कीं आपली शक्ति, उत्साह व पचन तरुणासारखें झालें आहे. मग काय विचारतां! तारुण्याचे अर्क विकणारांचें पीक आलें, आणि त्याचे कोंब आमच्याकडील जुन्या वृत्तपत्रांच्या जाहिरातींपर्यंत पोंचले. वस्तुतः वृषणाचें हॉर्मोन स्निग्ध पदार्थांत विरघळतें, पाण्यांत जवळजवळ नाहीं. त्या अर्कांत तें उपयोगी पडेल इतकें असणें शक्यच नव्हतें. बिचाऱ्यानें स्वतःस जें टोंचलें तें बहुतांशीं पाणी आणि बाकीची आशा. तरी त्यास आम्ही हंसणार नाहीं. प्रत्येक ग्रंथि रक्तांत कांहींतरी सोडते व तें कमी पडल्यास बाहेरून देतां येईल, ही त्याची कल्पना खरी होती. उदाहरण तेवढें खोटें निघालें.

दुसरी गोष्ट स्ट्रासबुर्गमधली. ओस्कार मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड समूळ काढलें. चरबी पचण्यास तें कितपत लागतें, एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. परंतु तें शिकविलेलें जनावर जेथें तेथें लघवी करूं लागलें. मिंकोव्स्कीनें ती तपासली तों साखर! लघवीवर माशा जमल्या म्हणून शोध लागला, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. ती आम्हांस मागाहून रचलेली वाटते. स्वादुपिंडाचा तुकडा कुत्र्याच्या कातडीखालीं लावून ठेवला तर मधुमेह होत नाहीं, हेंही लौकरच दिसून आलें. बर्टहोल्डच्या कोंबड्यांची साक्ष पुन्हां मिळाली.

आतां आमच्या कुटुंबाच्या गोळीकडे वळूं. गलगंड हा शब्द आपल्या जुन्या वैद्यकांतला. हा रोग तितकाच जुना. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागांत तो घरोघर असे, आणि बर्न येथील थिओडोर कोखर हा शस्त्रवैद्य सूज आलेली थायरॉईड मोठ्या सफाईनें काढीत असे. त्याच्या हातून रोगी दगावत नसत, ही त्याची कीर्ति. परंतु ज्यांची संपूर्ण ग्रंथि त्यानें काढली होती त्यांस त्यानें पुढें बोलावून पाहिलें, तों तीं माणसें सुजट, मंद, थंडीनें काकडणारीं व बुद्धीनें जड झालेलीं आढळलीं. १८८३ सालीं त्यानें हें सर्व जाहीरपणें मांडलें व संपूर्ण ग्रंथि काढण्याचें सोडून दिलें. आपल्याच यशस्वी शस्त्रक्रियांचे दुष्परिणाम असे उघड मांडणारा वैद्य विरळा. त्यास पुढें १९०९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटतें.

हीच अवस्था ग्रंथि आपोआप सुकल्यानेंही होते. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराकडे १८९१ सालीं अशी एक ४६ वर्षांची बाई आली. मरेनें मेंढीच्या थायरॉईडचा अर्क ग्लिसरीनमध्यें काढून तिच्या कातडीखालीं टोंचला. कांहीं आठवड्यांतच तिचा चेहरा उतरला, बोलणें सुधारलें, ती घराबाहेर फिरूं लागली. पुढल्याच वर्षीं दुसऱ्या दोघां डॉक्टरांनीं, मॅकेन्झी आणि फॉक्स यांनीं, दाखवून दिलें कीं टोंचण्याची गरजच नाहीं. गांठ खाल्ली तरी चालते. फॉक्सनें तर ती हलकीशी तळून, करंट नांवाच्या फळाच्या मुरंब्याबरोबर, आठवड्यांतून एकदां द्यावी असें सुचविलें. (येथवर ऐकून आमच्या नातीनें तोंड वांकडें केलें.) मरेची ती रोगी बाई ७४ वर्षांची होऊन १९१९ सालीं वारली. मधल्या अठ्ठावीस वर्षांत तिच्या औषधापायीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि खर्ची पडल्या, असा हिशेब मरेनें दिला आहे.

हें यश पाहून सर्वांस वाटलें कीं मधुमेहाचेंही काम झालें! कच्चें स्वादुपिंड, शिजवलेलें स्वादुपिंड, त्याची भुकटी, त्याचा अर्क, सारें रोग्यांना खाऊं घालून झालें. गुण शून्य. टोंचून पाहिलें तर कधीं साखर थोडी उतरे, पण ताप येई, गळवें होत, झटके येत. बर्लिनच्या झ्यूल्झरनें १९०८ च्या सुमारास बरीच मजल मारली व अशा त्रासांमुळेंच तें काम थांबलें. तिकडे मधुमेही मुलें मरत होतीं. त्यांवर उपाय एकच: उपासमार. दिवसाचें खाणें इतकें तोडावयाचें कीं, साखरेनें मरावयाचें तें मूल उपाशी राहून कांहीं महिने अधिक जगे. आईबापांनीं तें कसें पाहिलें असेल तें त्यांचें त्यांना ठाऊक.

दरम्यान मज्जातंतूंच्या राज्याचा पाया लंडनमध्यें ढांसळला. जठरांतील आम्ल पुढें आंतड्यांत उतरलें कीं स्वादुपिंड पाझरूं लागतें. हा निरोप मज्जातंतु नेतात, असें रशियाच्या पाव्हलॉव्हचें मत होतें. १९०२ च्या जानेवारींत विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेव्हण्यांनीं कुत्र्याच्या आंतड्याच्या एका वेटोळ्याचे सर्व मज्जातंतु तोडले व त्यांत आम्ल घातलें. तरी स्वादुपिंड पाझरलें. मग आंतड्याचें अस्तर आम्लांत वाटून, गाळून, तें पाणी शिरेंत सोडलें, पुन्हां पाझरलें. निरोप रक्तानें नेला होता! अशा पदार्थांना १९०५ सालीं स्टार्लिंगनें 'हॉर्मोन' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ चेतविणें, प्रवृत्त करणें. मराठींत आतां 'संप्रेरक' म्हणतात, तेंही चांगलें आहे.

टोरांटोची कथा वाचकांनीं ऐकली असेल, म्हणून तिचा पाल्हाळ करीत नाहीं. स्वादुपिंडाची नळी बांधावी म्हणजे पाचक भाग सुकेल, बेटें तेवढीं उरतील, आणि इन्सुलीनचा घात करणारा घरभेदी निघून जाईल, ही फ्रेडरिक बँटिंगची कल्पना. मॅक्लाऊड या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेंत १९२१ च्या उन्हाळ्यांत त्यानें चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याबरोबर ती कुत्र्यांवर राबविली. मौज अशी कीं नळी बांधण्याची गरजच नव्हती. आख्ख्या ग्रंथींतूनही थंड मद्यार्कानें इन्सुलीन निघतें, हें त्यांस नंतर कळलें. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या, अवघ्या ६५ पौंड वजनाच्या मुलास पहिली सुई दिली. साखर थोडी उतरली, पण टोंचल्या जागीं गळूं झालें. जेम्स कॉलिप या रसायनज्ञानें रात्रंदिवस खपून अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीस पुन्हां सुई दिली. रक्तांतील साखर एका दिवसांत ५२० वरून १२० वर आली. तो मुलगा आणखी तेरा वर्षें जगला. १९२३ चें नोबेल बँटिंग व मॅक्लाऊड यांस मिळालें. त्यांनीं आपल्या वांट्यांतील अर्धी रक्कम अनुक्रमें बेस्ट व कॉलिप यांस दिली. बुखारेस्टच्या निकोलाय पॉलेस्कूनें असाच अर्क काढून त्याचा वृत्तांत १९२१ सालींच छापला होता; त्याची आठवण कोणीं ठेवली नाहीं, हा आमच्या मतें अन्याय झाला.

नातीच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. इन्सुलीन हें प्रथिन आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरनें १९५५ पर्यंत त्याची कडी न् कडी उलगडून दाखविली: ५१ अमिनो आम्लें, दोन सांखळ्यांत ओवलेलीं. आपलें पोट डाळीचें वा अंड्याचें प्रथिन जसें तोडतें तसेंच हेंही तोडतें, आणि कड्या सुटल्या कीं निरोप पुसला गेला. थायरॉईडचें औषध, थायरॉक्झीन, हें सांखळी नव्हेच. टायरोसीन या एकाच जातीच्या अमिनो आम्लाचे दोन तुकडे जोडून त्यावर आयोडीनचे चार अणु बसविलेले. त्यांत पोटानें तोडावें असें कांहीं नाहीं. किंबहुना मेंढीच्या गांठींत तें एका मोठ्या प्रथिनांत गुंतून बसलेलें असतें, आणि त्याची सुटका पचनामुळेंच होते. जी जठराची भट्टी आमच्या औषधाचा नाश करते तीच आमच्या कुटुंबाच्या औषधाची बेडी तोडते! फॉक्सला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. तळलेली गांठ गुणकारी ठरली ती या दैवयोगानें.

तिसरी जात स्टेरॉईडांची. कोलेस्टेरॉलपासून बनलेलीं, कार्बनच्या चार कड्यांचीं हीं हॉर्मोनें: स्त्रीपुरुषांच्या जननग्रंथींचीं आणि मूत्रपिंडांच्या टोप्यांच्या सालींतलीं. यांतलीं कांहीं तोंडानें घेतां येतात. कांहीं पोटांतून निभावतात, पण पुढें यकृत तीं मोडून टाकतें, आणि मग रसायनज्ञांना त्यांची ठेवण थोडी बदलावी लागते.

परंतु पदार्थ ओळखला म्हणजे त्याचें काम कळलें असें नव्हे. रक्तांत हे सर्व दूत एकत्रच वाहतात आणि प्रत्येक पेशीवरून जातात. मग एकाचें ऐकणारी पेशी दुसऱ्याचें कां ऐकत नाहीं? आणि ऐकते म्हणजे काय करते? 

अमेरिकेंत अर्ल सदरलंडनें हा प्रश्न यकृतावर घातला. भीति वाटली कीं मूत्रपिंडांच्या टोप्यांतून ॲड्रेनॅलीन सुटतें आणि यकृत आपली सांठविलेली साखर रक्तांत ओतूं लागतें. सदरलंडनें यकृत वाटून पेशी फोडल्या. त्या चोथ्यांतही ॲड्रेनॅलीनचा परिणाम दिसला. पण तो चोथा गरगर फिरवून पेशींच्या कवचांचा गाळ काढून टाकला तेव्हां दिसेनासा झाला. मग त्यानें त्या गाळावर एकट्यावरच ॲड्रेनॅलीन घातलें. त्यांतून एक नवा, उकळला तरी न बिघडणारा पदार्थ निघाला, आणि तो वरच्या निवळींत टाकतांच ॲड्रेनॅलीन नसतांनाही काम सुरू झालें! १९५८ च्या सुमारास त्याची ओळख पटली. सायक्लिक एएमपी असें त्याचें नांव. जुन्या वाड्यांत जासूद देवडीवरच निरोप सांगून परते आणि आंतला शागीर्द धांवत जाऊन तो सदरेवर पोंचवी, तसाच हा प्रकार. ॲड्रेनॅलीन पेशींत शिरतच नाहीं. सदरलंडला १९७१ सालीं नोबेल मिळालें. इन्सुलीनही देवडीवरचेंच दूत. त्याचा शागीर्द निराळा. परंतु स्नायूच्या पेशीच्या कवचावरील ग्राहकाला इन्सुलीन चिकटलें कीं आंतून साखरेचीं दारें कवचाशीं येऊन उघडतात, आणि तें स्वतः बाहेरच राहतें.

स्टेरॉईडांची रीत वेगळी निघाली. शिकागोच्या एल्वुड जेन्सेननें स्त्री-हॉर्मोनाला किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण लावली आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तें लहान उंदरांच्या माद्यांना टोंचलें. इतर अवयवांतून तें निघून गेलें. गर्भाशयांत टिकलें, आणि तेंही जसेंच्या तसें. हें हॉर्मोन रासायनिक क्रियेंत खर्ची पडत असावें, असें तेव्हां पुष्कळांचें मत होतें. तें साफ चुकलें. पेशींच्या आंत त्यास धरून ठेवणारें एक प्रथिन होतें, आणि त्या जोडीनें पेशीच्या गर्भाशीं जाऊन काम करावयाचें होतें. स्निग्ध असल्यामुळें हें हॉर्मोन कवचांतून सहज आंत शिरतें. तें देवडीवर थांबत नाहीं. थेट दफ्तरांत जाऊन जनुकांची कोणती वही उघडावयाची आणि कोणती मिटावयाची हें ठरवितें. म्हणूनच ॲड्रेनॅलीनचा परिणाम क्षणांत, आणि स्टेरॉईडांचा तासांनीं वा दिवसांनीं दिसतो. (कांहीं स्टेरॉईडें क्वचित् देवडीवरही काम उरकतात असें आतां दिसून आलें आहे. निसर्ग आमच्या वर्गवारीला बांधलेला नाहीं.)

यांतून निघालेला उपयोग लहान नव्हे. स्त्रियांच्या स्तनांतील कर्करोगावर बीजकोश अगर मूत्रपिंडांवरील ग्रंथि काढून टाकीत. गुण सुमारें एक-तृतीयांश बायकांनाच येई, आणि उरलेल्या व्यर्थ कापल्या जात. गांठींत जेन्सेनचें तें ग्राहक प्रथिन आहे कीं नाहीं हें आधीं पाहतां येऊं लागल्यावर हा छळ थांबला.

आणि थायरॉक्झीन? तें टायरोसीनपासूनच बनतें, ॲड्रेनॅलीनही टायरोसीनपासूनच. म्हणजे हीं भावंडें. रीतही एकच असावी असें कोणाही शहाण्यास वाटेल. परंतु १९८६ सालीं थायरॉईड-हॉर्मोनाचा ग्राहक सांपडला तो पेशींच्या गर्भांत, आणि तो निघाला स्टेरॉईडांच्या ग्राहकांचा नातलग. एकाच घरांतल्या दोन भावांपैकीं एक देवडीवर राबतो, दुसरा दफ्तरांत बसतो. शिवाय रक्तांतील प्रथिनें थायरॉक्झीनला धरून ठेवतात, त्यामुळें तें निम्में होण्यास सुमारें सात दिवस लागतात. इन्सुलीन पांच-सहा मिनिटांतच निम्मावतें. फॉक्सची आठवड्यांतून एकदांची तळलेली गांठ पुरे कां पडली, आणि आमची सुई दिवसांतून अनेकदां कां लागते, हें यावरून कळेल.

ग्राहकाचें महत्त्व वैद्यांना या शोधांच्याही आधीं रोग्यांकडून कळलें होतें. १९३६ सालीं लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थनें मधुमेह्यांना साखर आणि इन्सुलीन एकदमच देऊन पाहिलें. कांहींची साखर चढली नाहीं. दुसऱ्यांची इन्सुलीन असूनही चढतच गेली. म्हणजे मधुमेह दोन: एकांत दूतच नाहीं, दुसऱ्यांत दूत ओरडतो आणि देवडीवाला बहिरा. आपल्याकडील बहुसंख्य मधुमेही या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि आम्हीही त्यांतलेच. प्रथम आमच्या ग्रंथीनें बहिऱ्याला ऐकूं जावें म्हणून वर्षानुवर्षें अधिक इन्सुलीन ओतलें, आणि शेवटीं तीच थकली, म्हणून सुई.

सुईपासून सुटका होईल काय, असें आम्हीं डॉक्टरांस विचारलें. २०१९ सालापासून आंतड्याच्या एका हॉर्मोनासारखें प्रथिन-जातीचेंच औषध, सेमाग्लुटाईड, गोळीच्या रूपानें मिळूं लागलें आहे. गोळींत सोबतीला एक पदार्थ घालतात. तो जठरांत घटकाभर आडोसा करतो, तेवढ्यांत औषध अस्तरांतून रक्तांत निसटतें. घोटभर पाण्याबरोबर, अनशापोटीं, आणि नंतर अर्धा तास कांहीं खावयाचें नाहीं. एवढें करूनही शंभर भागांतला एक भागसुद्धां रक्तांत पोंचत नाहीं. बाकीचा पचून जातो. त्या औषधास हें परवडतें, कारण तें अंगांत आठवडाभर टिकेल असेंच घडविलेलें आहे. इन्सुलीनच्या मात्रेंत इतकी अनिश्चितता चालत नाहीं. थोडें अधिक पोंचलें तर माणूस बेशुद्ध पडेल. त्याच्या गोळीचे प्रयत्न बँटिंगच्या काळापासून चालू आहेत.